न टोचलेली सुई

गहू भिजत घातले की तिसऱ्या दिवशी त्यांना एक आंबूस वास सुटतो. ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना तो ओळखीचा असतो; इतरांना काहीतरी नासलंय असं वाटेल. आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत एप्रिल लागला की हा वास एकेका दारातून बाहेर येऊ लागतो. गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर विटा ठेवल्या जातात, आणि लेकरं गरम चिकाच्या वाट्या घेऊन जिन्यात बसतात. जयंतीच्या निळ्या पताका अजून तारांवर असतात, उन्हानं विटत चाललेल्या. या दिवसांत कुणाला माहेर आठवतं, कुणाला आमराई. मला भीती आठवते.

परवा सकाळी शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, गव्हाचं पाणी बदललं आणि तो वास घरभर झाला. मी पेपर वाचत होतो. माझा हात आपोआप खाली गेला आणि खुर्चीखाली झोपलेल्या काजूच्या नाकाला लागला. नाक ओलं होतं, गार होतं. मग मी पुढची बातमी वाचली. ही सवय मला दोन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात लागली. का लागली, ते आजपर्यंत घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त करमाडला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला.

काजू हा आमचा कुत्रा. गावठीच, पण रंग भाजलेल्या काजूसारखा, म्हणून माझ्या लेकीनं, प्राचीनं, हे नाव ठेवलं. शाळेच्या फाटकाबाहेर सापडलेलं पिल्लू ती दप्तरात घालून घेऊन आली होती. त्या उन्हाळ्याच्या आधी फाल्गुनात माझं शेंद्र्याच्या कंपनीतलं काम गेलं. कंत्राट संपलं आणि पुढचं कुणी केलं नाही, एवढंच. भांडण नाही, निरोप समारंभ नाही. त्यानंतर आक्का जेव्हा केव्हा घरी यायची, कुत्र्याकडं बघून म्हणायची, “सुभ्या, आता ह्या घरात काजू म्हणून एवढाच ऱ्हायला बघ.”

आम्ही सगळे हसायचो. हसायला पैसे पडत नव्हते.

काटकसर सुरुवातीला गमतीचीच असते. सगळं घर मिळून खेळ मांडल्यासारखं. पेपर बंद केला, तर शोभा म्हणाली, नाहीतरी तुम्ही फक्त निधन वार्ता वाचता. टीव्हीचं रिचार्ज बंद केलं, तर प्राची म्हणाली, अभ्यास होईल. दूध निम्म्यावर आणलं आणि दुपारचा चहा कोरा सुरू झाला. पहिल्या दिवशी मी कपाकडं नुसता बघत बसलो, तेव्हा तीच पोरगी म्हणाली, “पप्पा, ब्लॅक टी म्हणायचं. फॅशन आहे सध्या.” काजूचं पिशवीतलं खाणं बंद झालं आणि त्याच्या ताटलीत वरणाच्या पाण्यात कुस्करलेली भाकरी आली. त्यानं ती हुंगली, आमच्याकडं पाहिलं आणि दिवसभर रुसून कूलरमागं बसून राहिला. संध्याकाळी ताटली चाटून पुसून लख्ख.

शेजारचे लतीफभाई आमच्या दारात उभे राहून हे सगळं बघायचे. माणूस मायाळू, पण जिभेला हाड नाही. “क्या सुभाषभाई, खुद की चाय काली कर ली, और इस नवाब कू रोटी-सालन? दौलताबाद के घाट में छोड दो जाको. बंदरों के संग जी लेगा.”

“चाचा!” आतून प्राची ओरडायची.

“अरे बेटा, मजाक कर रहूँ.” आणि जाता जाता खिशातून पारले काढून त्या नवाबापुढं टाकायचे.

मग कूलर बंद झाला. आमच्याकडं उन्हाळ्यात कूलर म्हणजे घरातलं एक माणूसच. त्याची घरघर नसेल तर दुपारी झोप येत नाही. पण त्याला वीज लागते आणि विजेपेक्षा जास्त पाणी लागतं, आणि आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा आलं तरी लोक त्याला आलं म्हणतात. मधल्या दिवसांत टँकर. तेव्हा कूलर बंद. काजूची जागा कूलरमागची, जिथं पाणी ठिबकून फरशी कायम ओली असायची. ती जागा कोरडी पडल्यावरही तो काही दिवस तिथं जाऊन फरशी चाटायचा. नंतर त्यानं मोरी शोधली. दुपारी मोरीच्या अंधारात ओल्या फरशीवर पोट टेकून पडायचा.

हे सगळं आम्ही एकमेकांच्या देखत केलं. जे दिसतं ते कमी करताना लाज वाटत नाही, उलट थोडा मोठेपणाच वाटतो. पण काही खर्च असे असतात की ते केले नाहीत तरी कुणाला दिसत नाही. मी ब्लड प्रेशरची गोळी अर्धी मोडून घ्यायला लागलो होतो. अर्धी आज, अर्धी उद्या. डबीत गोळ्या दिसायच्या, शोभा निर्धास्त. मला काही झालं नाही. चक्करसुद्धा आली नाही. यातून मी एक अत्यंत मूर्ख निष्कर्ष काढला: जे दिसत नाही ते वगळलं तर चालतं.

काजूची वर्षाची सुई त्याच महिन्यात द्यायची होती. पिसाळू नये म्हणून देतात ती. प्राचीनं आठवण केली. शोभानं डब्यातून पैसे काढून दिले. मी काजूला स्कूटरवर पायाशी उभं केलं आणि निघालो. वाऱ्यावर कान उडवत तो असा उभा होता, जणू लग्नाच्या वरातीला चाललाय. सिडकोतल्या जनावरांच्या दवाखान्याच्या काचेच्या दारापर्यंत मी गेलो. आत एसी होता, टॉवेलवर झोपलेला एक मोठा विलायती कुत्रा होता, आणि चांगले बूट घातलेली माणसं होती. माझ्या शर्टाला घामाचं पांढरं मीठ चढलेलं. मी दार ढकललं नाही. नोकरी असताना मी ते दोनदा ढकललं होतं. तिथल्या मुलीनं तेव्हा “या सर” म्हटलेलं आठवलं आणि पाय उचलेना.

मी शेजारच्या मैदानाजवळ लिंबाच्या झाडाखाली बसलो. काजू माझ्या पायाशी बसला. मी एक चहा घेतला, दुधाचा. त्याला एक बिस्किटाचा पुडा घेतला. आम्ही दोघं बराच वेळ बसलो, एक सुई टोचायला जितका वेळ लागावा त्याहून जास्त. मग घरी आलो.

“झालं?” प्राचीनं विचारलं.

“झालं.”

पैसे पाकिटात तसेच होते. पुढच्या टँकरला गेले. मी ते स्वतःवर उडवले नाहीत, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलं. सांगण्याचा काही उपयोग नाही. कारण त्या दिवशी त्यानंतर जे झालं ते असं, की प्राचीनं फ्रीजमधून बर्फाचा एक खडा काढला, रुमालात गुंडाळला आणि काजूच्या मानेवर, जिथं सुई देतात तिथं, हलक्या हातानं फिरवत बसली. “दुखतंय का रे? थोडंच. थोडंच दुखणार.” काजूनं डोळे मिटून घेतले. त्या उकाड्यात त्याला बर्फ मिळाला होता. त्याच्या आयुष्यातली ती बहुधा सर्वांत चांगली दुपार. मी आतल्या खोलीत जाऊन शर्ट बदलत राहिलो.

मी कमी बोलणारा माणूस आहे. कमी बोलणाऱ्याची एक सोय असते, लोक त्याला खरं बोलणारा समजतात.

कुरडयांना आक्का आली. दरवर्षी येते. गहू तिच्याकडचेच असतात, आणि चीक शिजवताना त्यात गाठ होऊ न देणं हे काम तिच्याशिवाय कुणाला जमत नाही. त्या वर्षी शोभानं गल्लीतल्या दोन-चार घरांच्या कुरडयाही करून द्यायचं घेतलं होतं, घराला तेवढाच हातभार. पहाटेपासून दोघी गच्चीवर. आक्का सोऱ्या दाबायची, शोभा चीक वर आणायची, प्राची साडीवर बसलेल्या चिमण्या हाकलायची, आणि काजू प्राचीला हाकलायचा. ऊन चढलं तेव्हा सगळ्या खाली आल्या. पडदे ओढले. कूलर नाही, लाईटही गेलेली. जो तो फरशीवर आडवा.

आक्का पाय धुवायला मोरीत गेली. डोळ्यांत गच्चीवरचं ऊन, मोरीत अंधार. तिचा पाय झोपलेल्या काजूच्या पायावर पडला.

तो ओरडला, ती ओरडली. आम्ही धावलो. पोटरीवर दाताच्या दोन खुणा होत्या, एकीतून रक्त येत होतं, फार नाही. काजू कोपऱ्यात अंग चोरून उभा होता, शेपूट पायात घालून.

“त्याला नका मारू,” आक्काच म्हणाली. “चूक मव्हीच हाय. निजलेल्या जनावरावर पाय दिला. माणूस असता तर त्यानंबी चावलं असतं.”

शोभानं ड्रममधून एक तांब्या पाणी घेतलं आणि जखमेवर ओतलं. एकच तांब्या. नळ अजून तीन दिवसांनी येणार होता. मग हळद आणली. हळद दाबता दाबता ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, “अहो, काजूला यंदाची सुई दिलीय ना?”

त्या एका क्षणात मी किती गोष्टी बोलू शकलो असतो. मला त्या सगळ्या आजही पाठ आहेत.

“हो,” मी म्हणालो.

“मीच तर बर्फ लावला होता आत्या,” प्राची म्हणाली. “दोन दिवस मान धरली होती त्याची.”

मान धरली नव्हती. धरणार कशी? पण प्रेमानं बघणाऱ्याला तसं दिसतं.

आक्कानं पदरानं हळद पुसली. “मग झालं की. कशाला एवढं तोंड पाडून उभा ऱ्हायलास, सुभ्या? तुला चावलं का मला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिच्या वाटणीच्या कुरडयांचं गाठोडं घेऊन जालना रोडवर काळ्यापिवळी जीपमध्ये बसली. खिडकीतून तिनं हात केला. मी उभा होतो. गाडी गेली तरी उभा होतो.

इथून पुढची भीती कशी होती ते सांगणं अवघड आहे. ती काही धडधडणारी भीती नव्हती. कानात पाणी गेल्यावर जसं सगळं दुरून ऐकू येतं, तसं काहीतरी होतं. शोभा बोलायची, मी मान हलवायचो. मी मोबाईलवर वाचलं. वाचलं की जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली, चांगला पाव तास धुवायची असते. आम्ही एक तांब्या ओतला होता. वाचलं की कुत्र्याला सुई दिलेली असो वा नसो, चावलेल्या माणसानं लगेच दवाखाना गाठायचा असतो. हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण जे मला माहीत होतं तेही मी सांगितलं नव्हतं. आणि वाचलं की एकदा लक्षणं सुरू झाली की मग उपाय नसतो. ते वाक्य मी वाचलं आणि मोबाईल उपडा ठेवला, जणू ते वाक्य टेबलावर सांडू नये म्हणून.

मला ते वाक्य वाचायची गरज नव्हती. मी ते बघितलेलं होतं. मी सहा-सात वर्षांचा असेन. करमाडला आमच्या घराच्या मागं, पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या एका माणसाला खोलीत ठेवलं होतं. खिडकीला पोतं लावलेलं. गावातली लेकरं पोत्याच्या फटीतून बघायची, म्हणून मीही गेलो. आत कुणीतरी त्याच्यापुढं लोटा धरला होता. त्याला तहान लागलेली होती, तो हात पुढं करत होता, आणि पाणी जवळ आलं की त्याची मान मागं ओढली जायची, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या जायच्या. पाण्याला घाबरणारा माणूस. तेवढ्यात मागून आक्का आली आणि तिनं माझे डोळे झाकले. तिच्या हाताला स्टोव्हच्या रॉकेलचा वास होता. तिनं माझे डोळे झाकले. तिचे झाकायला कुणी नव्हतं. ती तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिनं ते शेवटपर्यंत पाहिलं.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. कुत्र्याचा दात म्हणजे काय, हे आमच्या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी ती हळद लावून गेली. का, तर सुभ्या हो म्हणाला होता.

मी काजूवर नजर ठेवून बसू लागलो. तो झोपला की श्वास बघायचो. उठला की चाल बघायचो. जीभ बाहेर काढून धापा टाकायचा, लाळ फरशीवर ठिबकायची. उन्हाळ्यात कुठला कुत्रा धापा टाकत नाही? पण मला ती लाळ वेगळी दिसायची, दाट दिसायची. प्राची त्याच्या तोंडाला तोंड लावून बोलायची सवयीनं, आणि मी दुसऱ्या खोलीतून ओरडायचो, “लांब हो त्याच्यापासून!”

“काय झालं पप्पा?”

“गरमीनं चिडचिडा झालाय. आत्याला चावला ना.”

“तो मला चावेल?” तिनं विचारलं, आणि हसली.

रविवारी दुपारी त्यानं पाणी प्यायचं थांबवलं. गच्चीच्या जिन्यात त्याची स्टीलची वाटी ठेवलेली असायची. तो वाटीपाशी गेला, नाक खाली नेलं आणि झटक्यानं मागं घेतलं. पुन्हा गेला. पुन्हा मागं. मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो होतो. पोतं लावलेली खिडकी. लोटा. ताणलेल्या शिरा. आक्का आत्ता करमाडला काय करत असेल? पाणी पीत असेल का? प्राची खालच्या खोलीत गाणं गुणगुणत होती. मला वाटलं, मी या घरातल्या प्रत्येकाला मारलंय, फक्त अजून कुणाला कळलेलं नाही.

कितीतरी वेळानं मी खाली उतरलो, वाटी उचलली आणि हात भाजून ती सोडून दिली. जिन्यावर बारापासून ऊन येतं. पाणी कोऱ्या चहाइतकं कढत होतं. मी माठातलं पाणी आणलं, त्याच्यापुढं धरलं, आणि तो असं लपालपा पाणी प्यायला की माझ्या मांडीवर शिंतोडे उडाले. मी तिथंच जिन्यात बसून रडलो. माठातलं पाणी नीट प्यायलेल्या कुत्र्यासमोर एक पन्नाशीला आलेला माणूस रडतोय आणि कुत्रा त्याचा गुडघा चाटतोय. लतीफभाईंनी समोरच्या गच्चीवरून पाहिलं असावं, कारण संध्याकाळी त्यांनी काहीच टोमणा मारला नाही, नुसतं विचारलं, “सब खैरियत?”

खैरियत नव्हती. कुत्रा पाणी प्यायला म्हणून मी सुटलो नव्हतो, हे मला जिन्यातच कळलं होतं. उद्या पिणार नाही कशावरून? सोमवारी सकाळी, शोभाला कामाचं बघायला जातो सांगून, मी करमाडची गाडी धरली.

आक्का दारात चिंचा फोडत बसली होती. चिंचेचा हंगाम. तिच्यापुढं टरफलांचा ढीग आणि बोटं काळी-चिकट. “अगं बाई, सुभ्या! काम लागलं की काय?” तिनं आतून तांब्या आणला. मला पाणी दिलं आणि उरलेलं स्वतः वरून तोंडात ओतून घेतलं, गटागटा. मी तिच्या गळ्याकडं बघत होतो.

“काय बघायलास?”

“पोटरी कशीय?”

“खपली धरली की. तू पोटरी बघायला आलास करमाडला?”

मग मी सांगितलं. जमिनीकडं बघून, टरफलांकडं बघून. सुई दिली नव्हती. दारातून परत आलो होतो. हो म्हणालो ते खोटं होतं. मला वाटलं होतं ती चिडेल. लहानपणी ती मला चांगलं झोडपायची. पण तिचा हात नुसता खाली गेला आणि पोटरीवर थांबला. चिंचेचा काळा डाग खपलीभोवती लागला. आणि मी माझ्या बहिणीला आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेली पाहिली. त्या पोत्याच्या खिडकीपाशी तिचा चेहरा मला दिसला नव्हता, माझे डोळे झाकलेले होते. तो असाच असणार.

“मग तू हो का म्हणलास रे?” ती इतक्या हळू म्हणाली की मला वाटलं ती स्वतःशी बोलतेय.

लाज वाटली म्हणून, हे उत्तर लहान आहे. लाजेपायी कुणी बहिणीचा जीव टांगणीला लावतो का? पण लावला खरा.

तिनं हात धुतले, पायात चपला घातल्या. “चल.”

काळ्यापिवळीत ती माझ्या शेजारी बसली. चिकलठाण्यापाशी एवढंच म्हणाली, “आन् पोरगी? ती त्याच्या तोंडाला तोंड लावती.”

सरकारी दवाखान्यात कुत्रा चावलेल्यांची वेगळी रांग होती. इतकी माणसं त्या रांगेत असतात हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी जखम बघितली, उशीर का केला विचारलं. आक्का म्हणाली, “ध्यान नाय ऱ्हायलं.” माझ्याकडं बघितलं नाही. जखमेच्या भोवती सुया टोचल्या तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. मी ते मनगट हलवलं नाही. डॉक्टर म्हणाले, पुढच्या सुया चुकवू नका, कुत्रा मोकळा सोडू नका, चावल्यापासून दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा, काही वेगळं वाटलं तर लगेच या. प्राचीला तो चावला नव्हता, ओरखडा नव्हता, उघडी जखम नव्हती, मग तिला धोका नाही ना, हे मी डॉक्टरांना तीन-तीनदा विचारून घेतलं.

बाहेर लिंबाच्या सावलीत आक्का बसली. “फुकट हाय बघ इथं,” ती म्हणाली. “जनावराच्या सरकारी दवाखान्यातबी कुत्र्याची सुई नावालाच पैशे घेऊन देत्यात. आमच्या गावचे लोक देतेत की. तुला ठाव नव्हतं का?”

“नव्हतं.”

“इचारायचं.”

तिनं पदरानं घाम पुसला.

“शोभाला मी सांगन, की गावातल्या नर्सबाईनं जबरदस्ती केली म्हणून सुया घेतल्या. पर एवढंच. बाकीचं तू सांगायचं. मी नाय सांगनार. पोरीला तर तूच सांगायचं.”

“सांगतो.”

ते “सांगतो” म्हणून दोन उन्हाळे झाले. हा तिसरा.

काजू जगला. दहा दिवस सरले, तो भाकरी खात होता, लतीफभाईंचे पारले खात होता, चिमण्यांवर भुंकत होता. मग आक्का स्वतः आली आणि आम्ही दोघं त्याला घेऊन सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं काचेचं दार नव्हतंच. एक म्हैस होती, दोन शेळ्या होत्या, आणि घामेजलेल्या शर्टाकडं बघायला कुणाला वेळ नव्हता. काजूला सुई टोचली तेव्हा तो केकाटला. त्या केकाटण्यानं माझ्या डोक्यातलं ते दुरून ऐकू येणं थांबलं.

पण भीती गेली नाही. डॉक्टरांनी समजावलं होतं, कुत्रा धडधाकट राहिला म्हणजे काळजीचं कारण नाही. बुद्धीला ते पटलं. पण पावसाळ्यात आक्काचा फोन आला आणि तिला खोकला झालेला असला की मी विचारायचो, गिळताना त्रास होतो का? राखीला ती आली तेव्हा मी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती पिईपर्यंत जागचा हललो नाही. दिवाळीतही तसंच. शोभाला वाटतं, बहिणीचं केवढं अगत्य. आक्काला मात्र ठाऊक आहे. ती तांब्या उचलते, माझ्याकडं बघते आणि सगळं पाणी पिते, एकही थेंब न सांडता.

आता मला पुन्हा काम आहे, आधीपेक्षा कमी पगाराचं. पेपर येतो, गोळी पूर्ण घेतो, कूलर चालतो. दूध मात्र निम्म्यावरच राहिलं, कोऱ्या चहाची सवय झाली. कधी वाटतं, ते दिवस तसे वाईट नव्हते. कमी केलेल्या एकाही गोष्टीची आम्हाला आज आठवण येत नाही. एक सोडून.

आक्का आज आली. आल्या आल्या तिनं चीक शिजवला. मग ती गच्चीवर चढली, साडीच्या कडेला बसली आणि म्हणाली, “पाणी आण रे सुभ्या.”

मी तांब्या दिला आणि उभा राहिलो. ती डोकं मागं टाकून सगळं पाणी प्यायली. तिनं तांब्या खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं.

“प्याले. बघितलं? दोन वर्सं पितीय मी तुह्यासमोर,” ती म्हणाली. “मला आता तहान नाय ऱ्हायली. तू बोल.”

प्राची सोऱ्या दाबत होती. कॉलेजात जाते आता. काजू तिच्या पायाला टेकून पडला होता, तोंडावर थोडे पांढरे केस आलेत त्याच्या. शोभा पातेलं घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी.

“प्राची,” मी म्हणालो. “तू काजूच्या मानेवर बर्फ लावला होतास. आत्याला चावला त्या वर्षी.”

“हो. मग?”

मी सांगितलं. या वेळी जमिनीकडं बघितलं नाही. फार वेळ लागला नाही सांगायला. इतकी वर्षं धरून ठेवलेली गोष्ट चार वाक्यांत संपली, याचीच मला जास्त लाज वाटली. शोभानं पातेलं खाली ठेवलं. गरम चिकाची वाफ वर जात होती. प्राचीचे हात सोऱ्यावर तसेच थांबले होते, आणि अर्धवट सुटलेली एक कुरडई साडीवर लोंबत होती. ती आत्याच्या पोटरीकडं बघत होती. मग तिनं एक हात काढून, चिकानं माखलेलाच, काजूच्या मानेवर ठेवला. त्याच जागी.

“यंदाची दिलीय का?” तिनं विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं आक्काकडं पाहिलं.

“दिलीय,” आक्का म्हणाली. “मी गेलते संगं.”